क्रूझवरचा किड्स क्लब आणि तीन-चार वर्षांचं लेकरू: या चुका टाळा

आपल्याकडे नागपुरात लेकराचं वय विचारलं की उत्तर येतं, "तिसरं लागलंय." म्हणजे दोन पूर्ण झाली, तिसरं चालू आहे. क्रूझ कंपनीच्या हिशोबात मात्र तीन म्हणजे तीन पूर्ण. पासपोर्टवरची जन्मतारीख नोंदणीत आलेली असते, त्यामुळे किड्स क्लबच्या (आईबाबा नसताना मुलांना खेळवत सांभाळणाऱ्या जहाजावरच्या जागेच्या) दारात "अहो, पुढच्याच महिन्यात वाढदिवस आहे" म्हणून काही उपयोग होत नाही. आईबाबांनी जेवणाची, शोची सगळी आखणी क्लबच्या भरवशावर केलेली असते आणि पहिल्याच दुपारी ती कोलमडते.

म्हणून बुकिंगआधी वयाची अट वाचा. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या 'ॲडव्हेंचर ओशन' या किड्स क्लबमध्ये सर्वांत लहान गट 3 ते 5 वर्षांचा आहे. डिस्नेचा 'ओशनियर क्लब' 3 वर्षांपासून, एमएससीचा मिनी क्लब 3 ते 6. कार्निव्हल 2 पूर्ण झालेल्यांनाही घेते. तीनच्या आतल्या मुलांसाठी डिस्नेच्या जहाजांवर आणि रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर पाळणाघर असतं, पण त्याचे तासावर वेगळे पैसे पडतात आणि जागा मोजक्या असतात. ते पाळणाघर लागणार असेल तर बुकिंग सुरू होताच वेळा धरून ठेवा. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझचं बुकिंग एजंटकडून करत असाल तर तीन गोष्टी लेखी मागून घ्या: किमान वय, डायपरचा नियम, आणि कोणत्या वयापर्यंत आईबाबांपैकी एकाने सोबत बसावं लागतं. "किड्स क्लब आहे ना मॅडम" एवढ्या उत्तरावर थांबू नका.

"आई, झालीऽऽ"

सर्वांत जास्त अडचणी इथे येतात, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

बहुतेक कंपन्यांची अट असते की मूल पूर्णपणे 'पॉटी ट्रेन्ड' हवं. डायपर नको, चड्डीसारखे चढवायचे पुल-अपही नकोत. आपण म्हणतो, "आमचा सांगतो आता, दिवसा डायपर लागत नाही." ते खरंच असतं. पण सांगणं ही अर्धी गोष्ट झाली. घरी लेकरू शी झाली की आतून हाक मारतं, आई येते, जेट स्प्रेने धुऊन देते, चड्डी चढवते. क्लबमध्ये ही हाक ऐकून कोणी येत नाही. बहुतेक जहाजांवर कर्मचाऱ्यांना मुलांना धुण्या-पुसण्याची परवानगीच नसते, आणि हा नियम मुलांच्या सुरक्षेसाठीच आहे. शिवाय तिथे जेट नसतो, कागद असतो. जेट न दिसल्यामुळे गोंधळलेलं मूल एक तर शी दाबून धरतं, नाही तर न पुसताच चड्डी वर ओढतं. दाबून धरलं तर दुसऱ्या दिवसापासून पोट दुखायला लागतं, आणि मग सगळ्यांना वाटतं की जहाजाचं खाणं बाधलं.

यासाठी निघण्याआधी चार आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात तुम्ही धुऊन द्या, पण कोरडं करण्याचं काम लेकराकडे: टॉयलेट पेपरचे चार तुकडे, दोनदा घडी, पुसायचं, बघायचं, टाकायचं. मुलींना पुढून मागे पुसायची सवय पहिल्या दिवसापासूनच लावा, उलट पुसलं तर लघवीच्या जागी संसर्ग होण्याची भीती असते. दुसऱ्या आठवड्यात लेकराने आधी कागदाने पुसायचं, उरलेलं तुम्ही धुवायचं. तिसऱ्यात त्याने एकट्याने, तुम्ही फक्त तपासायचं. चौथ्या आठवड्यात घराबाहेर: मॉलमध्ये, दवाखान्यात, मावशीकडे. "किती वेळा पुसायचं?" हे मुलांना शब्दांत कळत नाही. ताटलीच्या पाठीवर पिठल्याची बोटभर रेघ ओढा आणि कागद स्वच्छ येईपर्यंत पुसायला सांगा. हा खेळ दोन-तीनदा झाला की "कागद स्वच्छ आला का?" एवढा प्रश्न पुरतो.

दुसरी अडचण आवाजाची. जहाजावर व्हॅक्यूम टॉयलेट असतात, विमानातल्यासारखी. बटण दाबलं की जोरात फस्सकन ओढल्याचा आवाज येतो. अनेक मुलं त्याला घाबरतात आणि मग त्या खोलीत पाऊलच टाकत नाहीत. खोली ताब्यात आली की पहिल्या तासात हे उरका: झाकण बंद, लेकराने दोन्ही कान झाकायचे, बटण तुम्ही दाबायचं. दुसऱ्यांदा बटण त्याने दाबायचं. नियम एकच शिकवा, आधी उठायचं, मग दाबायचं. ओले वाइप्स त्या भांड्यात कधीही टाकू नका. पाइप तुंबतो आणि तुमच्यासोबत शेजारच्या खोल्यांचीही पंचाईत होते.

तिसरी गोष्ट वेळेची. खाल्ल्यानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून नाश्त्यानंतर वीसेक मिनिटांनी लेकराला खोलीतल्या टॉयलेटवर पाच मिनिटं बसवा आणि त्यानंतरच क्लबकडे निघा. शी खोलीत उरकली की क्लबमध्ये फक्त सूचा प्रश्न उरतो. पायाखाली काही टेकू द्या, लोंबत्या पायांनी मुलांना जोर करता येत नाही.

कपडे इलॅस्टिकचे घाला. डांगरी, बेल्ट, घट्ट बटणाची जीन्स क्लबसाठी नको. एका झिपच्या पिशवीत दोन चड्ड्या, एक पँट, एक मोज्यांचा जोड ठेवा, वर नाव लिहा. कपडे ओले झाले तर तुम्हालाच बोलावतील आणि बदलायचं कामही तुमचंच. वारंवार झालं तर त्या प्रवासापुरता प्रवेश थांबवला जाऊ शकतो, तेव्हा "आज क्लबमध्ये जायचंय ना, मग सांभाळ बरं" असा दम देऊन पाठवू नका. दमामुळे ओलं होण्याची शक्यता वाढतेच.

नाव आणि शब्द

पासपोर्टवर अद्वैत, घरात चिकू. क्लबमधली ताई "अद्वैत" म्हणून हाक मारते आणि चिकू आपल्या ठोकळ्यांत मग्न. तिला वाटतं मूल ऐकत नाही. फॉर्मवर टोपणनावाची जागा असते, ती भरा. नसेल तर नावाच्या पट्टीवर टोपणनावच लिहायला सांगा.

नागपुरी लेकरांना घरात मराठी आणि अंगणात हिंदी अशी दोन्ही येत असतात, पण क्लबमधले कर्मचारी निरनिराळ्या देशांतले असतात आणि सगळा कारभार इंग्रजीत चालतो. पाठ्यपुस्तकी इंग्रजीची गरज नाही. पाच शब्द पक्के करा: टॉयलेट, वॉटर, मम्मा, पेन, स्टॉप. सोबत खूण शिकवा, टॉयलेटसाठी हात वर आणि पाण्यासाठी अंगठा तोंडाकडे. दुसऱ्या बाजूने एका कार्डावर इंग्रजी अक्षरांत लेकराचे शब्द आणि त्यांचा अर्थ लिहून द्या: सू, शी, भूक, बाऊ, आजी. 'बाऊ झाला' म्हणजे लागलं, हे तिकडे कोणालाही कळणार नाही. तेच कार्ड फॉर्मला टाचून ठेवायला सांगा.

हळूच सटकू नका

लेकरू खेळण्यात रमलं की मागच्या पावलाने निघून जायचं, ही आपल्याकडची जुनी युक्ती. पाचच मिनिटांनी मूल मागे वळून बघतं आणि आई नाही. त्यानंतर त्या दारातून ते पुन्हा आत जात नाही, कारण त्याने शिकलेली गोष्ट अशी की खेळात लक्ष घातलं की आई नाहीशी होते. रडलं तरी चालेल, पण सांगून निघा. "आत्ता येते" हा शब्दही वापरू नका, तीन वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ लागत नाही. त्याला कळणारी खूण द्या: "गोष्ट झाली, मग रंगकाम झालं, की बाबा दारात." आणि त्या वेळेच्या दोन मिनिटं आधीच दारात उभे राहा.

जहाजावर चढल्या दिवशी दुपारी बहुतेक क्लब सगळ्या कुटुंबांसाठी उघडे असतात. नोंदणी त्याच वेळी करा. दुसऱ्या सकाळी, जहाज दिवसभर समुद्रात असताना, तिथे रांग लागते आणि ठरलेली संख्या भरली की थांबावं लागतं. पहिल्या दुपारी मात्र लेकराला एकटं ठेवू नका. आत जा, टॉयलेट कुठे आहे ते दाखवा, ताईशी ओळख करून द्या, बाहेर या. दुसऱ्या दिवशी 30 ते 45 मिनिटं. ती नीट गेली तर त्याच संध्याकाळी दीड तास.

सराव नागपुरातच सुरू होतो. लेकराला आजी-आजोबांखेरीज कोणाकडेच ठेवलेलं नसेल तर पहिला अनुभव समुद्रात नको. शेजारच्या काकूंकडे अर्धा तास, छंदवर्गात एक तास, असं महिनाभर करा. इथे एक स्पष्ट मत मांडतो: ज्याची नर्सरी अजून सुरू झालेली नाही अशा जेमतेम तीन वर्षांच्या मुलासाठी मे महिन्यापेक्षा दिवाळीनंतरचा प्रवास बरा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. दिवाळीपर्यंत लेकराला चार महिने बाईंकडे राहायची सवय झालेली असते आणि पावसाळ्यातला खवळलेला अरबी समुद्रही शांत झालेला असतो.

घड्याळ

सिंगापूरहून क्रूझ घेणार असाल तर लक्षात ठेवा, सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. क्लब सकाळी 9 ला उघडला तर लेकराच्या अंगातल्या घड्याळात तेव्हा साडेसहाच वाजलेले असतात. पेंगत्या मुलाला नेलं की ते रडणारच, आणि आपण म्हणतो त्याला क्लब आवडला नाही. उलट रात्री 9 ला त्याचे साडेसहा, ते ताजंतवानं. म्हणून पहिले दोन दिवस सकाळचा हट्ट सोडा, संध्याकाळची वेळ घ्या. उशिराच्या वेळेला काही कंपन्या पैसे लावतात, रॉयल कॅरिबियनवर रात्री 10 नंतर तासावर आकार असतो. दुपारची झोप मोडू नका. तीन-पाचच्या गटात झोपायची सोय सहसा नसते, त्यामुळे जेवण, झोप, मग क्लब हा क्रम ठेवा.

मुंबईहून जहाज असेल तर दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून त्याच दिवशी बॅलार्ड पिअरचा क्रूझ धक्का गाठण्याचा मोह होतो, सीएसएमटीहून अंतर थोडंच आहे. गाडीला उशीर झाला तर धावपळ, आणि न झाला तरी अर्धवट झोपलेलं लेकरू घेऊन तासभर रांगेत. शक्य असेल तर एक दिवस आधी पोहोचा.

खिशातली चिक्की

आपल्याला शेंगदाणा इतका रोजचा की तो कोणाला बाधेल हे डोक्यातच येत नाही. चिक्की, दाण्याचा लाडू, दाण्याची चटणी लावलेली पोळी यातलं काहीही क्लबमध्ये नेऊ नका. शेजारी बसलेल्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असेल तर ते जिवावर बेतू शकतं. घरी केलेले पदार्थ तर बहुतेक जहाजांवर मुळात चढूच देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली पाकिटं चालतात का, हे आधी विचारा.

शाकाहारी असाल तर फॉर्मवर फक्त 'व्हेज' लिहून भागत नाही. अंडं नाही, मासे नाहीत, चिकन नाही, असं सुटं सुटं लिहा. क्लबच्या जेवणात नगेट्स हा नेहमीचा प्रकार आहे आणि तळलेला गोळा बघून आपल्या लेकराला तो बटाटावडाच वाटतो. सोपा उपाय म्हणजे जेवण स्वतःसोबत, क्लब फक्त खेळायला. औषधं क्लबमध्ये सहसा देत नाहीत. इनहेलर किंवा ॲलर्जीचं इंजेक्शन असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह दाखवून नियम समजून घ्या.

कोण घ्यायला जाणार

आजोबा घ्यायला गेले आणि ताईने लेकरू सोडलं नाही, की अपमान झाल्यासारखं वाटतं. ती तिचं काम चोख करते आहे. ज्यांची नावं फॉर्मवर आहेत त्यांनाच मूल मिळतं, म्हणून आजी, आजोबा, काका, सगळ्यांची नावं नोंदणीच्या वेळीच टाका आणि परवलीचा शब्द असेल तर त्यांनाही सांगा. घ्यायला चौदा वर्षांची मोठी बहीण चालते का, हे वेगळं विचारा.

फोन हा वेगळा फसवा प्रकार. समुद्रातल्या रोमिंगच्या भीतीने आपण तो एअरप्लेन मोडवर टाकतो, ते योग्यच. पण वायफाय सुरू करून जहाजाचं ॲप चालू ठेवलं नाही, तर क्लबचा निरोप पोहोचत नाही आणि ओल्या चड्डीतलं लेकरू ताटकळत बसतं. धोक्याचा भोंगा वाजला तर मुलाला क्लबमधून कुठे नेतात, हेही पहिल्या दिवशी विचारून त्याच्या मनगटाच्या पट्टीवरचा, संकटात जमायच्या जागेचा क्रमांक पाहून ठेवा.

आजारपण आणि पाणी

उलटी किंवा जुलाब झाले तर लपवून पाठवू नका. जहाजावर पोटाचा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो आणि त्याच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. क्लबमध्ये जाताना आणि येताना दोन्ही वेळा. मळमळ नुसत्या डुलण्याची असेल तर मोबाइल काढून घ्या, क्षितिजाकडे बघायला लावा, कोरडे कुरमुरे द्या. मळमळीचं औषध निघण्यापूर्वी नागपुरातल्या बालरोगतज्ज्ञांकडूनच वजनाप्रमाणे लिहून घ्या, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. पोहण्याचा डायपर घातलेल्या मुलांना बहुतेक जहाजांच्या तलावात उतरू देत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी कारंज्यांची जागा असेल तर तिथेच न्या. आणि एसीचा विचार करा. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसमोर झोपणाऱ्या लेकराला जहाजाचा कोरडा गारवा झोंबतो, पातळ स्वेटर पिशवीत हवाच.

"उद्या नाही जायचं"

असं लेकरू म्हणालं तर "का?" विचारू नका, त्याला ते सांगता येत नाही. एकेक विचारा: शू लागली होती का? आवाज मोठा होता का? कोणी खेळणं घेतलं का? थंडी वाजली का? बहुतेकदा यातल्याच एका प्रश्नावर मान हलते. टॉयलेट असेल तर सकाळी स्वतः सोबत जाऊन ते पुन्हा दाखवा. आवाज असेल तर गाण्या-नाचाची वेळ टाळून रंगकामाच्या वेळेला न्या, वेळापत्रक रोज ॲपमध्ये येतं. खेळणं असेल तर ताईला सांगा. दोनदा अर्धा-अर्धा तास करूनही लेकरू सतत रडत असेल, तर या खेपेला क्लब सोडून द्या आणि आईबाबांनी पाळी लावून शो बघा.