नैसर्गिक कडांच्या फळीवर सीएनसी कोरीवकाम: यंत्र सुरू करण्यापूर्वीची तयारी

सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार चालणाऱ्या यंत्रावर चौकोनी फळीचा एक कोपरा शून्यबिंदू (मापे मोजण्याची सुरुवात) मानला की काम सुरू करता येते. झाडाची मूळ कड राखलेल्या फळीला कोपरा नसतो, सरळ बाजू नसते आणि बहुधा वरचा पृष्ठभागही एका पातळीत नसतो. अशा फळीची तयारी म्हणजे मुख्यतः यंत्राला विश्वासार्ह आधार मिळवून देणे होय, आणि त्यासाठी कोरण्यापेक्षा जास्त वेळ लागला तरी तो द्यावा.

सर्वप्रथम फळी वाळली आहे का ते पाहावे. टोके लवकर वाळतात, त्यामुळे तेथील आकडा फसवा असतो. ओलावामापक मध्यभागी, जाडसर ठिकाणी लावावा आणि घरात ठेवायच्या वस्तूसाठी साधारण 8 ते 12 टक्के ओलावा दिसेपर्यंत थांबावे. साल पक्की वाटली तरी ती काढून टाकावी, कारण बिटच्या, म्हणजे फिरत्या कापणाऱ्या हत्याराच्या, हादऱ्याने ती सुटून उडते. जुन्या किंवा रस्त्याकडेच्या झाडाच्या लाकडात खिळे रुतलेले असू शकतात, म्हणून धातुशोधक फिरवावा. चिरा आणि सैल गाठी इपॉक्सी राळेने भराव्यात व ती पूर्ण घट्ट होईपर्यंत फळीला हात लावू नये.

यानंतर सपाटीकरण. पीळ असलेली फळी बेडवर (यंत्राच्या सपाट पाटावर) ठेवल्यास डुलते. अशा वेळी क्लॅम्प आवळून ती दाबून बसवण्याचा मोह होतो, परंतु तसे करून सपाट केलेली फळी क्लॅम्प सोडताच पुन्हा मूळ पिळावर येते. जिथे पोकळी आहे तिथे पातळ पाचरी सरकवून, फळी न वाकवता स्थिर करावी, वरची बाजू रुंद बिटने एकेक मिलिमीटर उतरवावी आणि मग उलटून दुसरी बाजू घ्यावी. पृष्ठभागाचा मूळ उंचसखलपणा राखायचा असेल, तर प्रोबने (स्पर्शाने उंची मोजणाऱ्या साधनाने) ठिकठिकाणची उंची मोजून टूलपाथ, म्हणजे बिटचा ठरलेला मार्ग, त्यानुसार जुळवावा. अक्षरे कोरताना हे विशेष जाणवते: 90 अंशांच्या व्ही-बिटने (टोकदार, व्ही आकाराच्या बिटने) खोली 1 मिमीने बदलली की रेषेची रुंदी 2 मिमीने बदलते, 60 अंशांच्या बिटने सुमारे 1.15 मिमीने.

फळीची बाह्यरेखा संगणकात आणण्यासाठी कागदावर गिरवलेला साचा किंवा बरोबर वरून काढलेले छायाचित्र चालते. छायाचित्रातील मोजपट्टी बेडवर नव्हे, तर फळीच्या वरच्या पृष्ठभागावर ठेवावी. कॅमेरा बेडपासून 1 मीटर उंच आणि फळी 50 मिमी जाड असेल, तर बेडवरच्या पट्टीमुळे मापात सुमारे 5 टक्के चूक येते, आणि कडेजवळ नक्षी असेल तर तेवढी चूक ती फळीबाहेर नेण्यास पुरेशी असते. आता फळीवर पेन्सिलीने मध्यरेषा ओढून तिच्यावर ठरावीक अंतरावर, समजा 400 मिमीवर, दोन खुणा कराव्यात व त्याच खुणा आराखड्यातही घ्याव्यात. पहिली खूण हा शून्यबिंदू. यंत्र दुसऱ्या खुणेकडे नेल्यावर बिटचे टोक नेमके तिच्यावर आले नाही, तर फळी तिरकी बसली आहे. ही पडताळणी मी कधीच टाळत नाही.

फळी घट्ट धरण्यासाठी वाकड्या कडेला जुळणारे लाकडी ठोकळे कापून घ्यावेत आणि समोरून पाचरीने आवळावे. टाकाऊ भागात स्क्रू चालतात, मात्र त्यांच्या जागा आराखड्यात नोंदवाव्यात. सुरक्षित उंची, म्हणजे न कापता सरकताना बिट जेवढे वर राहते ती, ठरवताना फळीचा नव्हे, तर सर्वांत उंच क्लॅम्पचा विचार करावा.

बिट धारदार असावे. दोन धारांचे बिट मिनिटाला 18,000 फेऱ्यांनी फिरत मिनिटाला 1,800 मिमी सरकले तर प्रत्येक धार 0.05 मिमी लाकूड काढते. सरकण्याचा वेग फार कमी ठेवल्यास धार लाकूड कापण्याऐवजी घासते आणि ते करपते. उठावाच्या (नक्षी वर आलेली दिसणाऱ्या) कामात पहिल्या फेरीत सुमारे 0.5 मिमी लाकूड शिल्लक ठेवून शेवटची फेरी गोल टोकाच्या बिटने घ्यावी.

शेवटी झेडचे (उभ्या दिशेचे) शून्य सर्वांत उंच क्लॅम्पच्या वर, कापाच्या सर्वाधिक खोलीहून जास्त उचलून संपूर्ण टूलपाथ हवेत चालवावा आणि बिट कडेबाहेर किंवा क्लॅम्पच्या रेषेत जाते का ते उभे राहून पाहावे. शून्य पूर्ववत करून, धूळशोषक सुरू करून, चष्मा व मुखपट्टी लावून, आपत्कालीन बटण हाताशी ठेवूनच पहिला काप घ्यावा.