ल्युब्ल्यानाला एकट्याने जाताना या चुका टाळा

मी म्युनिकमध्ये राहत असल्यामुळे सुट्टीत दोन-तीन दिवस कुठेतरी जाऊन येऊ इच्छिणारे मराठी मित्र आपला बेत माझ्याकडे तपासायला पाठवतात. स्लोव्हेनियाच्या राजधानीचा, म्हणजे ल्युब्ल्यानाचा, बेत आला की त्यात हटकून त्याच त्या चुका सापडतात. शहर जेमतेम तीन लाख वस्तीचे. त्यामुळे ‘एवढेसे तर गाव आहे, गेल्यावर पाहू’ असे म्हणून लोक तयारीच करत नाहीत. एकट्या प्रवाशाला ही बेफिकिरी फार महागात पडते, कारण चूक सावरून घ्यायला त्याच्यासोबत दुसरे कोणी नसते.

पहिली चूक रविवार हिशेबात न धरण्याची. २०२० साली झालेल्या कायद्यामुळे तेथील बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात. पेट्रोल पंप, स्थानके अशा ठिकाणची छोटी दुकाने तेवढी उघडी राहतात. स्लोव्हेन भाषेत रविवारला ‘नेदेल्या’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच ‘काम न करण्याचा दिवस’ असा आहे. मी पहिल्यांदा गेलो तो नोव्हेंबरमधला रविवारच होता. फोनची चार्जिंगची वायर गाडीतच विसरली होती, थंडीत नकाशा पाहता पाहता बॅटरी संपली, आणि ज्या खोलीत उतरायचे होते तिथे माणूस नव्हता. दाराशेजारी किल्लीची पेटी होती आणि तिचे चार आकडे त्याच बंद फोनमधल्या ईमेलमध्ये होते. नवी वायर घ्यावी म्हणून मी तीन दुकाने पालथी घातली. तिन्ही दारांवर ‘झाप्रतो’ अशी पाटी होती. त्या भाषेतला ‘बंद’ हा शब्द मी असा शिकलो. शेवटी नदीकाठच्या एका कॅफेतल्या मुलीने स्वतःचा चार्जर दिला, तेव्हा कुठे दोन तासांनी दार उघडले. तेव्हापासून मुक्कामाचा पत्ता, किल्लीचे आकडे आणि यजमानाचा फोन नंबर मी कागदावर लिहून शर्टाच्या खिशात ठेवतो. ‘सगळे फोनमध्ये आहे’ असे सांगणाऱ्यांचे मला आजही नवल वाटते. रविवारसाठी पाव, दही आणि फळे शनिवारीच घेऊन ठेवावीत. मध्यवर्ती मंडईसुद्धा रविवारी भरत नाही.

शहराच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. ‘उर्बाना’ कार्ड आधीच घ्यावे. एका भाड्यात ९० मिनिटांपर्यंत बस बदलता येते.

मला सर्वाधिक खटकणारी चूक मात्र वेगळीच आहे. दोन दिवसांसाठी यायचे, एक दिवस ब्लेडच्या तलावाला, दुसरा पोस्तोयनाच्या गुहांना द्यायचा, आणि राजधानी केवळ झोपण्यापुरती वापरायची. त्यातही घाई अशी की ब्लेडला रेल्वेने जायचे ठरवणारे स्थानकाचे नावसुद्धा नीट वाचत नाहीत. ‘लेस्त्से-ब्लेड’ हे स्थानक तलावापासून सुमारे ४ किलोमीटरवर आहे, तर तलावाजवळचे ‘ब्लेड येझेरो’ दुसऱ्याच मार्गावर, गावाच्या पलीकडच्या बाजूला आहे. मी नेहमी बसनेच जातो. तास-सव्वा तासात ती थेट गावात सोडते.

शिवाय ब्लेडला जायचेच असेल तर तिसरा दिवस काढावा, कारण योझे प्लेच्निक या वास्तुविशारदाने घडवलेले शहर धावत पाहण्यासारखे नाही. त्याच्या ल्युब्ल्यानातील कामाला २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तरी बहुतेक जण त्याच्या तिहेरी पुलावर छायाचित्र काढून निघून जातात. तिथून दहा मिनिटांवर त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्याच्या दाराची मूठ धातूच्या घोड्याच्या मस्तकाची आहे. ती हातात धरून दार ढकलले की समोर ३२ काळसर खांबांमधून वर चढत जाणारा अंधारा जिना येतो आणि आपण पायरी पायरीने उजेडाकडे जातो. मी प्रत्येक भेटीत हा जिना सावकाश चढतो. एकट्याने प्रवास करण्याचे सुख हेच की इथे घाई करायला लावणारे कोणी नसते; ते सुख गाड्यांच्या वेळापत्रकात का घालवावे, हे मला समजत नाही.

शहर खोलगट भागात असल्यामुळे शरद ऋतूत आणि हिवाळ्यात सकाळी दाट धुके साचते. म्हणून टेकडीवरच्या किल्ल्यावर दुपारी जावे.

भारतातून येणाऱ्यांनी, जिथे लवकर तारीख मिळेल त्या देशाकडे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा सामाईक व्हिसा) मागण्याची पळवाट काढू नये. ज्या देशात अधिक दिवस राहणार, अर्ज त्याच देशाकडे करायचा असतो.

विमानतळ शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे आणि शनिवार-रविवारी तिथल्या सार्वजनिक बस कमी धावतात. परतीच्या बसची वेळ मी शहरात पोहोचतो त्याच दिवशी पाहून, पत्त्याच्या त्याच कागदावर लिहून ठेवतो.