घरच्या संगणकावर कॅसिनो खेळताय? निदान या चुका तरी टाळा

"लाल पाच वेळा आलंय, आता काळ्यावर लावू ना?" रूलेटबद्दल, म्हणजे लाल-काळ्या आकड्यांच्या चाकावर चेंडू फिरवायच्या खेळाबद्दल, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की हल्ली मी नुसता हात जोडतो. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत काळा सलग २६ वेळा आला आणि "आता तरी लाल येईल" म्हणत लोक रक्कम वाढवत बुडत गेले. तिथे निदान खरं चाक होतं. लाइव्ह डीलर (कॅमेऱ्यासमोर खरा माणूस चाक फिरवतो तो प्रकार) सोडला तर संगणकावर चाकच नसतं. आकडा आधी ठरतो, चेंडूची पळापळ नंतर दाखवतात.

"आता तरी येईल" या समजुतीतूनच सगळ्यात लाडकी चूक जन्मते: हरलं की दुप्पट लावायचं. मीही केलीय, म्हणून अधिकाराने बोलतो.

तेव्हा मी खोट्या चिप्सवर (खरे पैसे न लावता) रूलेट खेळत होतो, लाल-काळ्या रंगावर लावून. टेबलावर किमान ५ चिप्स, कमाल ५००. हरलो की दुप्पट, जिंकलो की परत ५. तीन संध्याकाळी मिळून ४२० चिप्स कमावल्या आणि मी स्वतःला फार हुशार समजायला लागलो. चौथ्या संध्याकाळी ५ गेले, १० गेले, २०, ४०, ८०. इथवर मी चहा पीत होतो. १६० गेले तेव्हा कप खाली ठेवला. ३२० गेले. आता ६४० लावायचे, तर आकडा ५०० च्या पुढे सरकेना. दोन-तीनदा क्लिक केलं, मग लक्षात आलं: टेबलाची मर्यादा. सात डावांत ६३५ चिप्स साफ. तीन संध्याकाळची कमाई गेली, वर पदरचे २१५.

नंतर कागद घेऊन बसलो. एकच शून्य असलेल्या रूलेटवर (शून्य ना लाल ना काळं, ते आलं की रंगावर लावलेलं हरतं) सलग सात वेळा हरण्याची शक्यता साधारण १०६ त एक. म्हणजे १०५ वेळा ५-५ चिप्स मिळवायच्या, झाल्या ५२५, आणि एकदा ६३५ घालवायच्या. एवढंच ते गुपित. पद्धत बरेच दिवस चालल्यासारखी दिसते, म्हणूनच ती घातक आहे. "मी सहाव्यालाच थांबेन" म्हणणाऱ्यांनी हिशेब पुन्हा मांडावा. उत्तर कॅसिनोच्याच बाजूने येतं. आता मी एका बसणीला एकच रक्कम धरतो आणि ती बदलत नाही. कंटाळवाणं आहे, मान्य.

बाकीच्या काही चुका भरभर सांगतो. दोन शून्यांचं रूलेट उघडू नका. एका शून्याच्या चाकावर कॅसिनोचा वाटा २.७० टक्के असतो, दोन शून्यांवर ५.२६. खेळ तोच, भुर्दंड दुप्पट. ब्लॅकजॅकमध्ये, म्हणजे २१ च्या पत्त्यांच्या खेळात, डीलरने एक्का दाखवला की विमा (डीलरला ब्लॅकजॅक लागेल अशी वेगळी पैज) घेऊ नका, कितीही आग्रहाने विचारलं तरी. आणि टेबलावर ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्या दोन पानांतच २१ झाल्यावर, ३:२ ऐवजी ६:५ मिळतील असं लिहिलं असेल तर ते टेबल बंद करा. बेसिक स्ट्रॅटेजीचा तक्ता (कोणत्या पानांवर काय करायचं ते सांगणारा) शेजारी उघडा ठेवा. घरी बसून खेळण्याचा हा एकमेव खरा फायदा आहे आणि नवखे नेमका तोच घेत नाहीत. "मला अंदाज येतो" म्हणतात. येऊ द्या.

व्हिडिओ पोकरमध्ये एकेक नाणं लावून "जपून" खेळणं ही शुद्ध फसगत. रॉयल फ्लशला (सगळ्यात मोठा हात, एकाच प्रकारची दहा ते एक्का) एका नाण्यावर २५० मिळतात, पाच लावली तर ४०००, म्हणजे नाण्यामागे ८००. परवडत नसेल तर लहान किमतीचं नाणं निवडा, पण पाच लावा.

आता बोनस. माझ्या एका मित्राने रात्री अकराला फोन केला, "अरे, जिंकलोय पण पैसे काढू देत नाहीत, फसवलं!" त्याने १०० भरले होते, वर १०० बोनस मिळाला होता. अटी वाचल्या का? नाही. मी त्याच्याकडून फोनवरच मोठ्याने वाचून घेतल्या. बोनसच्या ३५ पट रक्कम खेळात फिरवायची, म्हणजे ३५००. हा म्हणे, "ते तर झालं असेल, दोन दिवस रूलेट खेळतोय." पुढची ओळ वाच म्हटलं. रूलेटवर लावलेल्या रकमेचे फक्त १० टक्के धरले जातील. मग बराच वेळ तिकडून आवाज नाही. म्हणजे त्याला प्रत्यक्षात ३५,००० फिरवायचे होते.

बरं, स्लॉट (चित्रं फिरवायचं यंत्र) खेळला असता तर? परतावा ९६ टक्के धरा. ३५०० फिरवताना सरासरी १४० जातात. १०० च्या बक्षिसासाठी १४०! फसवणूक वगैरे काही नव्हती, सगळं लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात का असेना. मी बोनस घेतच नाही. खातं उघडताना बोनसपुढची खूण काढून टाकतो. आणि त्याही आधी बघतो की आपण राहतो तिथे पैसे लावून ऑनलाइन खेळायला कायद्याने परवानगी आहे का. नसेल तर खोट्या चिप्स आहेतच, तक्ते त्यांच्यावरही तितकेच पाठ होतात.

ते ९६ टक्केही लोक चुकीचं वाचतात. भरलेल्या रकमेच्या ९६ नव्हे, लावलेल्या प्रत्येक रकमेच्या. तीच चिप पुन्हा पुन्हा फिरते आणि दर वेळी थोडी झिजते. म्हणून ऑटोप्ले (आपोआप फेऱ्या) आणि टर्बो (झटपट फेऱ्या) मला अजिबात आवडत नाहीत. तासाला ६०० फेऱ्या, फेरीला १, तर सरासरी २४ गेले. लाइव्ह रूलेटवर तासाला ४० च फेऱ्या होतात, फेरीला तेवढाच १ लावला तर सरासरी जेमतेम १ जातो. ज्यांना स्पेसबार दाबून ठेवायची घाई असते, त्यांनी हा फरक एकदा बघावा. मी तर प्रत्येक डाव वहीत लिहितो. हात दुखायला लागला की आपोआप थांबतो.

डाव मध्येच अडकला तर पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करू नका. ऑनलाइन खेळात निकाल सर्व्हरवर आधीच लागलेला असतो, रिफ्रेशने तो बदलत नाही. खेळाच्या इतिहासात जाऊन डावाचा क्रमांक बघा, त्याचा फोटो काढून ठेवा आणि तक्रार करायची तर तो क्रमांक देऊन करा.