मोटरसायकलचं ब्रेक ऑइल घरी कसं बदलावं आणि ब्रेकमधली हवा कशी काढावी

लिव्हर घट्ट लागतो, गाडी जागेवर थांबते, मग ब्रेक ऑइल बदलायचं कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्यातच धोका आहे. जुनं झालेलं ब्रेक ऑइल रोजच्या चालवण्यात कसलीही तक्रार करत नाही. ते हळूहळू हवेतली आर्द्रता शोषत राहतं आणि पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ (ब्रेक ऑइलच्या दर्जाचं एक मानक) ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असं मानक सांगतं. त्यात ३.७ टक्के पाणी गेल्यावर हीच हमी १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक लावत उतरताना कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापतो, आतलं ऑइल उकळतं आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दबत नाही म्हणून ब्रेक लागतो; वाफ मात्र दबते. लिव्हर थेट ग्रिपला टेकतो आणि गाडी पुढे जात राहते. थोड्या वेळाने सगळं थंड झालं की लिव्हर पुन्हा पहिल्यासारखा घट्ट! म्हणून घरी उभ्या गाडीचा लिव्हर दाबून ऑइल चांगलं आहे की नाही, हे ठरवता येत नाही. गाडीच्या पुस्तिकेत वेगळं दिलं नसेल, तर दर दोन वर्षांनी ते बदलावं, गाडी कमी चालली असली तरीही.

यात दोन कामं आहेत. जुनं ऑइल काढून नवं भरणं म्हणजे फ्लश करणं, आणि आत अडकलेली हवा काढणं म्हणजे ब्लीड करणं. पद्धत जवळपास एकच असल्याने दोन्ही एकाच बैठकीत होतात.

आधी काय जमवावं

कोणतं ऑइल लागतं, ते ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल जातीची आहेत. डॉट ५ हे सिलिकॉनचं, पूर्ण वेगळं. आकडे जवळचे दिसतात म्हणून ५ आणि ५.१ यांची गल्लत करू नका. सीलबंद बाटलीच घ्या. कपाटात वर्षभर उघडी पडलेली बाटली म्हणजे आधीच ओलावा प्यायलेलं ऑइल. पुढच्या ब्रेकसाठी २५० मिली सहसा पुरतं. इंजिन ऑइल, ग्रीस किंवा पेट्रोल यांचा एक थेंबही आत जाऊ देऊ नका, त्याने आतली रबरी सीलं फुगून निकामी होतात.

बाकी सामान साधं आहे: ब्लीड निपलच्या (कॅलिपरवरच्या, ऑइल आणि हवा बाहेर सोडायच्या पोकळ स्क्रूच्या) मापाचा रिंग पाना (बऱ्याच गाड्यांना ८ मिमी लागतो), निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, मोठी सिरिंज, भरपूर फडकी, हातमोजे, चष्मा आणि बादलीभर पाणी. पाणी विसरू नका. ब्रेक ऑइल रंग खातं. थेंब सांडला तर पुसत बसण्यापेक्षा लगेच पाणी ओता, ते पाण्यात सहज विरघळतं.

सुरुवात निपलपासून

टाकी उघडण्याआधी निपल सैल होतं का, ते बघा. वर्षानुवर्षं न हललेलं निपल गंजून बसतं आणि जोर लावला तर तुटतं. हलत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारा, पण डिस्क आणि पॅड फडक्याने नीट झाकून. मग थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करा. उघड्या तोंडाचा पाना वापरू नका, कडा गोल होतात. सैल झालं की परत बंद करा.

आता गाडी स्टँडवर सरळ उभी करा आणि टाकी आडवी, समतल येईल इतकं हँडल वळवा. खालची पेट्रोलची टाकी आणि मडगार्ड फडक्यांनी झाका. झाकणाचे स्क्रू मऊ असतात. बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि खाली दाब देत फिरवा. झाकण आणि आतला रबरी डायफ्राम काढून बाजूला ठेवा. सिरिंजने जुनं ऑइल ओढून घ्या, पण तळाशी थोडं राहू द्या, म्हणजे तळातलं छिद्र उघडं पडून हवा आत जाणार नाही. टाकीत काळा गाळ असेल तर स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. या वेळेत लिव्हरला हात लावू नका. मग नवं ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा.

मुख्य काम

निपलवर आधी रिंग पाना चढवा, मग त्यावर नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीत थोडं नवं ऑइल घेऊन त्यात बुडालेलं ठेवा. मदतीला कुणी असेल तर एकाने लिव्हर आणि दुसऱ्याने पाना सांभाळावा. मोठ्याने बोलून काम करा, खुणा-इशाऱ्यांत गोंधळ होतो.

१. लिव्हर हळू दाबा आणि दाबून धरा.
२. निपल पाव वळसा उघडा. ऑइल नळीत येईल, लिव्हर आत जाईल.
३. लिव्हर आतच धरलेला असताना निपल बंद करा.
४. मगच लिव्हर सोडा.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचा क्रम उलटला, तर लिव्हर परत येताना निपलमधून हवा आत ओढली जाते. एवढा एक क्रम आणि टाकी रिकामी न होऊ देणं, यावर सारं काम उभं आहे. दर चार-पाच वेळा दाबल्यावर टाकीत बघा आणि पातळी खालच्या खुणेच्या जवळ येण्याआधीच भर घाला.

गाडी बरीच जुनी असेल तर लिव्हर आणि ग्रिपच्या मध्ये लाकडाचा छोटा तुकडा ठेवा. मास्टर सिलिंडरचा (लिव्हर दाबल्यावर ऑइलवर दाब देणाऱ्या सिलिंडरचा) पिस्टन एरवी जिथवर कधी जात नाही, तिथे गंज किंवा गाळ असू शकतो, आणि सील त्यावर घासून फाटतं.

आधी गडद तपकिरी ऑइल येईल, मग फिकट होत जाईल. नव्या ऑइलचा रंग दिसू लागला आणि बुडबुडे थांबले, तरी आणखी थोडं जाऊ द्या. दोन डिस्क असतील तर दोन्ही कॅलिपर करायचे. बाहेर आलेलं ऑइल परत टाकीत ओतू नका, स्वच्छ दिसलं तरी.

हवा ओढून घेणारे पंप मिळतात आणि काम पटकन होतं. पण निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा नळीत येत राहते, आणि आतली हवा संपली की नाही ते कळत नाही. पहिल्यांदा करत असाल तर हाताची पद्धतच घ्या; काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

मागच्या ब्रेकला पद्धत तीच, लिव्हरऐवजी पेडल. फक्त निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या बाजूला आहे का, ते पाहा. हवा वर जाते; निपल खाली असेल तर ती कॅलिपरमध्येच अडकून राहते. अशा वेळी कॅलिपर सोडवून निपल वर येईल असा धरा आणि पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीचा तुकडा घाला, नाहीतर पेडल दाबताच पिस्टन बाहेर येतील.

लिव्हर अजून मऊ लागतो?

बारीक बुडबुडे बहुधा मास्टर सिलिंडरजवळ असतात. पाइपावर बोटाने टिचक्या मारा आणि लिव्हर अगदी थोडासा, पुन्हा पुन्हा दाबा. टाकीत बुडबुडे वर येताना दिसतील. काही जण लिव्हर दाबून रात्रभर बांधून ठेवतात. सकाळी तो घट्ट लागला तरी पुन्हा एकदा ब्लीड करा, कारण दाबाखाली विरघळलेली हवा आतच असते.

एक फरक ओळखायला शिका. लिव्हर भराभर दाबल्यावर घट्ट होत असेल, तर बहुतेक हवा आहे. पण सारखा दाब धरल्यावर तो सावकाश आत जात असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. तिथे कितीही ब्लीड केलं तरी उपयोग नाही, मेकॅनिककडेच जावं लागेल.

एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीतही साधारणपणे याच पद्धतीने ऑइल बदलता येतं. टाकी रिकामी होऊन एबीएस युनिटमध्ये हवा शिरली, तर मात्र ती काढायला बऱ्याचदा डायग्नॉस्टिक यंत्र लागतं. पुढचे-मागचे ब्रेक जोडलेले असतील तर पुस्तिकेत दिलेला क्रम पाळा.

बंद करताना

निपल पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोराला) आवळा. तो साधारण ५-६ न्यूटन-मीटर, म्हणजे फारच कमी असतो. जोर लावाल तर आटे जातील. टाकी वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. तापल्यावर ऑइल प्रसरण पावतं, त्याला जागा मिळाली नाही तर ब्रेक घासत राहतात. डायफ्रामची घडी नीट बसवा, झाकण लावा, निपलवर रबरी टोपी चढवा.

कॅलिपर आणि निपल पाण्याने धुऊन पुसा. डिस्कवर थेंब गेला असेल तर ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा. पॅड ऑइलने भिजले असतील तर ते टाकून नवे लावा, यात काटकसर नको.

आता लिव्हर जोरात दाबून मिनिटभर धरा आणि निपल, पाइपाचे जोड, मास्टर सिलिंडर सगळीकडे ओल येते का ते बघा. मग मोकळ्या जागी, चालण्याच्या वेगाने गाडी नेऊन दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून पाहा. मनात जराही शंका असेल तर त्या दिवशी गाडी रस्त्यावर नेऊ नका.

जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. बाटलीत बंद करून, त्यावर ‘जुनं ब्रेक ऑइल’ असं लिहून, वापरलेलं ऑइल स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्या; ते इंजिन ऑइलमध्ये मात्र मिसळू नका, वेगळंच ठेवा. आणि आजची तारीख एका चिठ्ठीवर लिहून सीटखाली चिकटवा.