गाडीचा एसी: ‘गॅस भरून द्या’ म्हणण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात आणि पुन्हा चवथीच्या तोंडावर गोव्यातल्या कुठल्याही एसी गॅरेजात जा, एकच वाक्य कानावर पडतं: ‘मेस्त्री, गॅस भरून द्या.’ मेस्त्री मीटर लावतो, डबा जोडतो, अर्ध्या तासात गार वारा सुरू होतो आणि दोन-तीन महिन्यांनी तीच गाडी परत दारात. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षाकाठी थोडे ग्रॅम झिरपतात हे खरं, पण एका मोसमात थंडावा गेला तर कुठेतरी गळती आहेच. ती न शोधता टॉप-अप करणं ही पहिली चूक. बाकीच्या बऱ्याचशा चुका तिच्याच पोटातून निघतात.

अर्थात गार वारा येत नाही म्हणजे गॅसच गेला असंही नाही. गाडी उभी असताना गरम वारा आणि पळवली की गार, असं असेल तर आधी कंडेन्सरचा, म्हणजे बंपरमागच्या गॅस थंड करणाऱ्या जाळीचा, फॅन बघा. वारा गार आहे पण जोर नाही, तर केबिन फिल्टर काढून बघा. तांबड्या धुळीने तो विटेसारखा झालेला असतो. मीटरवर लो (कमी दाबाची) आणि हाय (जास्त दाबाची) दोन्ही बाजू सारख्याच दिसत असतील तर कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, फिरतोय का, त्याला इंजिनाशी जोडणारा क्लच लागतोय का ते तपासा. दोन्ही बाजू पडलेल्या असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. आणि गाडीखाली डाव्या बाजूला पाण्याचं थारोळं दिसलं तर घाबरू नका. आपल्या दमट हवेत कूलिंग कॉइलवर, म्हणजे डॅशबोर्डमागच्या गार जाळीवर, पाणी सुटणारच आणि ते ड्रेन पाइपमधून खाली पडायलाच हवं. उलट ते बाहेर न पडता पायाखालचं कार्पेट भिजत असेल तर ड्रेन तुंबलाय.

गळती शोधताना

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइलही फिरतं. त्यामुळे गॅस जिथून सुटतो तिथे थोडं ऑइल येतं आणि त्यावर धूळ बसते. टॉर्च घेऊन कंडेन्सरची खालची कड बघा. बाकी जाळी कोरडी आणि एखाद्या कोपऱ्यात रुपयाएवढा काळपट-तांबडा चिकट डाग असेल, तर साबणाचं पाणी तिथेच आधी लावा. किनाऱ्यालगत, म्हणजे कळंगुट, कोलवा, मोरजी पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा कंडेन्सर खाऱ्या हवेने पोखरला जातो. डिचोली-सत्तरीकडच्या गाड्यांना ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी लागते. दोघांची जागा एकच, बंपरच्या मागे. तिथे गोड्या पाण्याचा हलका फवारा अधूनमधून मारत चला. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर मात्र पात्या आडव्या होतात आणि वारा अडतो.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते सर्व्हिस पोर्टच्या, म्हणजे गॅस भरायच्या तोंडाच्या, आतल्या व्हॉल्व पिनेकडे. टोपण हरवलेलं असतं, पिनेवर माती बसते, मीटर लावून काढला की ती नीट बसत नाही आणि गॅस फसफसत राहतो. साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडा लगेच दिसतो. पिन स्वस्त मिळते. डॅशबोर्ड उतरवण्याची मजुरी सांगण्याआधी मेस्त्रीने ही पिन बघितली का, एवढं विचाराच.

कूलिंग कॉइलची गळती डोळ्यांना दिसत नाही. एसी थोडा वेळ चालवून बंद करा, ब्लोअरही बंद ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी ड्रेन पाइपच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरा. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली उतरतो. त्याच कारणाने कुठल्याही जोडाला डिटेक्टर खालच्या अंगाने फिरवायचा. वरून फिरवून ‘लीकेज नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) घातला असेल तर ड्रेनमधून येणाऱ्या पाण्यावर यूव्ही टॉर्च मारा.

एम-सील फासणं किंवा डब्यातला लीक-सीलर सोडणं विसरा. कंडेन्सरच्या नळीत गाडी चालू असताना दोनशे पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास दाब असतो, एम-सील तो फार काळ धरत नाही. सीलर एक्सपान्शन व्हॉल्वमध्ये, म्हणजे कॉइलच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकात, जाऊन बसतो आणि तीनशे रुपयांची बचत काही हजारांना पडते. जोड उघडलाच तर ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) नवी घाला, एसीचीच घाला आणि बसवताना तिला कॉम्प्रेसर ऑइलचं बोट लावा. नळाच्या वॉशरमधली रिंग मापाला बसली तरी तिचं रबर या गॅसला टिकत नाही.

‘व्हॅक्यूम धरला, म्हणजे लीकेज नाही’

गॅस भरण्याआधी पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढतात; मग मीटरचा काटा हलला नाही की गळती नाही, हा समज जुना आणि महाग आहे. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलत असते आणि तीही फक्त एका वातावरणाच्या, म्हणजे सुमारे 14.7 पीएसआयच्या जोराने. गाडी चालू झाली की आतून बाहेर त्याच्या दसपट जोर लागतो. व्हॅक्यूममध्ये आत ओढली जाऊन घट्ट बसलेली ओ-रिंग दाबाखाली सुटू शकते. म्हणून आधी दाब आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर लावून कोरड्या नायट्रोजनने सुमारे 150 पीएसआयपर्यंत दाब द्या, सगळे जोड साबणाने तपासा, काटा अर्धा तास हलत नाही हे बघा. रेग्युलेटरशिवाय नायट्रोजनचं सिलिंडर जोडू नका. भरलेल्या सिलिंडरचा दाब दोन हजार पीएसआयच्या वर असतो. वेल्डिंगचा ऑक्सिजन हाताशी आहे म्हणून तो तर कधीच नाही. ऑइल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. टायरच्या हवेने तपासलं तर पाण्याची वाफ आत जाते आणि हवेत मिसळलेला आर-134ए (गाडीच्या एसीतला नेहमीचा गॅस) दाबाखाली पेटू शकतो.

मग व्हॅक्यूम कशासाठी? पाणी काढण्यासाठी. 30 अंशांना पाणी उकळायला आतला दाब सुमारे 42 मिलिबारपर्यंत खाली यावा लागतो, म्हणजे मीटरवर व्हॅक्यूम पाऱ्याच्या 28.7 इंचांच्या आसपास. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लावून पाच मिनिटं ‘व्हॅक्यूम मारला’ की हवा निघते, ओल आतच राहते. नीट पंपाने किमान अर्धा-पाऊण तास द्या. पावसाळ्यात मी तर सरळ तास सांगतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात उघडी ठेवलेली नळी आणि ऑइलची उघडी बाटली हवेतली ओल पिऊन बसतात. कंडेन्सर बदलताना सुटलेल्या तोंडांना लगेच बुच लावा, आणि सिस्टीम रात्रभर उघडी राहिली असेल तर ओल शोषणारा ड्रायरही बदला.

मीटर बघून गॅस भरणं

इथे भले भले फसतात. बंद गाडीत आर-134ए 30 अंशांना साधारण 97 पीएसआय दाखवतो. आत 100 ग्रॅम असो की 500, द्रव रूपात थोडा गॅस शिल्लक आहे तोवर आकडा तोच. चालू गाडीतही उन्हाने, फॅनने आणि इंजिनाच्या वेगाने काटे हलतात. म्हणून गॅस वजनानेच भरायचा. किती, ते बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं; छोट्या गाड्यांत तो आकडा बहुधा अर्ध्या किलोच्या आतच असतो. ‘थोडा जास्त घाला, मेस्त्री’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगा की जास्त भरल्याने हाय प्रेशर चढतं, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि वारा कमी गार होतो.

डबा चालू गाडीच्या हाय साइडला उघडला तर कॉम्प्रेसरचा दाब उलटा डब्यात जातो आणि डबा फुटतो. द्रव गॅस भरायचाच तर इंजिन बंद ठेवून हाय साइडने. चालू गाडीत लो साइडने फक्त वाफ, डबा उभा धरून. डबा गार पडला म्हणून त्याला लायटर दाखवू नका, कोमट पाण्यात ठेवा.

स्वस्त डब्यांचा मोह आपल्या जिवावर येऊ शकतो. 2011 मध्ये जहाजांवरून जाणाऱ्या रीफर (माल गार ठेवणाऱ्या) कंटेनरांत आर-134ए म्हणून भेसळीचा गॅस गेला होता. त्यातला आर-40 अ‍ॅल्युमिनियमशी संयोग पावून हवा लागताच पेटणारा पदार्थ तयार करतो, आणि त्या स्फोटांत माणसं गेली. गोव्यातल्या तारवटींच्या, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांच्या, घरी हे सांगावं लागणार नाही. घरगुती एलपीजी भरून देणाऱ्यांची गोष्टही तशीच: गार होतं, पण कूलिंग कॉइल गळली तर बंद केबिनमध्ये पेट घेणारा गॅस भरतो.

हात, डोळे, हवा

आर-134ए उणे 26 अंशांना उकळतो. होज सुटून डोळ्यावर फवारा आला तर बाहुलीच गोठते, म्हणून गॉगल आणि हातमोजे घालूनच मीटर काढा. डोळ्यात गेलाच तर चोळू नका, पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धुवा आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या इस्पितळात जा. गाडीखालच्या खड्ड्यात गॅस सोडू नका, तो तळाशी साचून श्वास कोंडतो. गॅस भरलेल्या नळीवर ज्योत लावून डाख देऊ नका. तापल्यावर त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू सुटतात. त्याच कारणाने तोंडात विडी धरून काम करणाऱ्या मेस्त्रीला आधी ती टाकायला लावा.

जुना गॅस हवेत सोडणं हा तर रोजचा प्रकार. आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, म्हणून तो निरुपद्रवी असा ग्रह झालाय. पण तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट. अर्धा किलो सोडला की 715 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं, म्हणजे तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं. भारताने अशा वायूंवरच्या जागतिक करारातल्या किगाली दुरुस्तीला 2021 मध्ये मान्यता दिली आहे आणि 2032 पासून अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने कमी व्हायचा आहे. रिकव्हरी मशीन असलेलं गॅरेज थोडं लांब असलं तरी तिथे जा. शिवाय मशीनने किती ग्रॅम निघाला ते कळतं, आणि किती गळला याचा हिशेब तिथेच लागतो.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत नेहमीचं पीएजी ऑइल घालू नका. त्यांच्या कॉम्प्रेसरची मोटर ऑइलमध्येच असते, बहुतेकांना पीओई हे वेगळ्या जातीचं ऑइल लागतं, आणि चुकीच्या ऑइलने इन्सुलेशन उतरतं. नारिंगी केबल दिसली की हाय-व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसालाच हात लावू द्या. गाडी परत घेताना बिलावर गॅस कुठला, किती ग्रॅम आणि गळती कुठे सापडली हे लिहून मागा; पुढच्या वेळी दुसऱ्या मेस्त्रीकडे जायची वेळ आली तर त्याचा अर्धा वेळ वाचेल.