फ्युएल ट्रिम बघताय? मग या चुका टाळा

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथवाला पाच-सातशे रुपयांचा स्कॅनर हातात आला की आमच्या बडोद्यात कुणीही मिस्त्री होतो. स्कॅनरशी माझं भांडण नाही, मीही रोज तोच लावतो. भांडण आहे ते कोड वाचल्यावर बोनेटसुद्धा न उघडता स्पेअरच्या दुकानात पळणाऱ्यांशी.

ट्रिम म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोलच्या मापात करत असलेली दुरुस्ती, टक्क्यांत. आकडा अधिक असेल तर त्याला मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) वाटतंय आणि तो पेट्रोल वाढवतोय. उणे असेल तर कमी करतोय. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म म्हणजे त्याला जडलेली सवय. दोन्हींची बेरीज दहाच्या आत असेल तर मी सहसा मागे लागत नाही. "शॉर्ट टर्म शून्य आहे, गाडी मस्त" म्हणणारे रोज भेटतात. लाँग टर्म तिकडे वीसवर ठाण मांडून बसलेला असतो, तो कोण बघणार?

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक अशी: पी०१७१ हा कोड आला, म्हणजे लीन, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर गेला. अरे, त्या बिचाऱ्याने फक्त चहाडी केली!

गेल्या पावसाळ्यात दांडिया बाजारातले एक काका सेडान घेऊन आले. आयडलला, म्हणजे रेस न देता उभी असताना, गाडी थरथरायची. दुसरीकडे सेन्सर बदलून झाला होता, प्लग झाले होते, इंजेक्टर साफ झाले होते, आणि आता "पेट्रोलचा पंप टाकावा लागेल" इथवर मजल गेली होती. मी पोराला म्हटलं, पान्याला हात लावू नकोस, आधी वहीत लिही. इंजिन गरम, आयडलला लाँग +२२, शॉर्ट +९. मग २५०० आरपीएमवर मिनिटभर धरून लाँग +५, शॉर्ट +१. निम्मं निदान इथेच झालं. पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर उलटं दिसलं असतं: आयडलला ठीक, आणि लोड वाढला की आकडा चढता. हवेची गळती, म्हणजे चिरेतून न मोजता आत शिरणारी हवा, मात्र आयडलला नडते, कारण तेव्हा इंजिन मुळातच घोटभर हवा घेत असतं. रेस दिली की तेवढीच गळती कुठच्या कुठे हरवते. विश्वामित्रीला पूर आल्यावर नळाची धार कोण मोजतो?

पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढणारा) पाइप पाहिला, हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट पाहिलं, काही नाही. शेवटी ब्रेक बूस्टरकडे (ब्रेकचं पॅडल हलकं करणारा डबा) जाणारा रबरी पाइप कापडात गुंडाळून पक्कडीने हलकेच दाबला. शॉर्ट टर्म +९ वरून सरसर उतरत −१८ वर आला, म्हणजे बेरीज +४. पाइप सोडला, आकडा पुन्हा वर. बूस्टरमध्ये व्हॉल्व्ह जिथे बसतो तिथलं रबर कडक होऊन चिरलं होतं. अंगठीएवढी वस्तू. काका म्हणाले, "मग तो नवा सेन्सर?" मी चहा मागवला.

गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडून गळती शोधणारे बहाद्दरही आहेत. माझ्या दारात नाही.

आणि हे गणित एमएएफ सेन्सरच्या, म्हणजे आत येणारी हवाच मोजणाऱ्या, गाड्यांचं. नुसता मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असलेल्या गाडीत गळतीची हवा दाबातच धरली जाते, म्हणून ट्रिम फारसा बोलत नाही, आयडल चढतं. ट्रिम चांगला दिसला म्हणून गळती नाही असं तिथे समजू नका.

दुसरं दुखणं आपल्या गुजरातेत घरोघरी: सीएनजी. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेल्या) किटमध्ये गॅसचे इंजेक्टर पेट्रोलच्या ईसीयूच्या इशाऱ्यावरच उघडतात. किटचं ट्यूनिंग चुकलेलं असलं तर ईसीयू गॅसवर +१५ शिकतो आणि पेट्रोलवर टाकताच तेच +१५ पेट्रोलला लावतो. मग काळा धूर, वास, आणि "इंजेक्टर गळतायत" अशी बोंब. मीही एकदा फसलोय. चारही इंजेक्टर काढून साफ केले, निघालं काहीच नाही, दिवस मात्र गेला. तेव्हापासून वहीत दोन रकाने, आधी पेट्रोल मग गॅस, आणि ट्यूनिंगवाल्याकडे पाठवताना तेच पान सोबत.

थंड इंजिनवरचे आकडे वाचूच नका, ईसीयू तेव्हा सेन्सरचं ऐकतच नसतो. कोड आधी पुसू नका. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर लाँग टर्मही शून्य होतो आणि पुरावा गेला. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा पाइप फुटला असेल तर बाहेरची हवा आत शिरून खोटं लीन दिसतं. मिसफायरमध्येही तसंच, न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो.

ई१० (दहा टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) साठी बनलेल्या गाडीत ई२० (वीस टक्केवालं) भरल्यावर लाँग टर्म तीन-चार टक्के वर सरकला तर तो आजार नव्हे. वजनाच्या हिशोबात पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला साधारण ९ पट. तेव्हा तेवढ्याच हवेला इंधन जास्त जाणारच.

टाकी फुल्ल केल्यावरच आकडा उणे जात असेल तर टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह बघा. मी सकाळी थंड इंजिन सुरू करून त्याचा कॅनिस्टरकडचा (वाफ साठवणाऱ्या डब्याकडचा) पाइप काढतो आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवतो. बोट ओढलं गेलं तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय.