उपग्रहाचा डेटा आणि पाण्याचा ताळेबंद: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

धरणातून पाणी कधी सोडायचे, कालव्याचे आवर्तन किती दिवसांचे ठेवायचे, टंचाई कधी जाहीर करायची, हे ठरवणाऱ्याला चार आकडे हवे असतात. पाऊस किती झाला, किती पाणी वाफ होऊन गेले, किती वाहून येणार आणि जमिनीत शिल्लक किती. उपग्रहाला यातले फारच थोडे थेट दिसते. त्याच्या हाती लागते ते पृष्ठभागाचे तापमान, जमिनीतून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी, रडारचा प्रतिध्वनी, गुरुत्वाकर्षणातला सूक्ष्म फरक. त्यातून पाण्याचा आकडा काढायचा आणि तो बाकीच्या आकड्यांशी जुळवायचा, हे आपले काम. लँड सरफेस मॉडेल त्यासाठीच लागते. नोआ-एमपी असो, व्हीआयसी असो की सीएलएम, नकाशाच्या प्रत्येक चौकटीत आलेल्या-गेलेल्या पाण्याचा आणि ऊर्जेचा हिशेब ते एकाच वेळी ठेवते.

म्हणून शिकायला सुरुवात मशीन लर्निंगने करू नका, ताळेबंदाने करा. मोठे धरण नसलेले आणि नदीचा विसर्ग मोजला जातो असे एक पाणलोट क्षेत्र निवडा. वर्षभराचा पाऊस, बाष्पोत्सर्जन (जमीन आणि पिकांतून वाफ होऊन गेलेले पाणी), अपधाव (वाहून गेलेले पाणी) आणि साठ्यातला बदल मिलिमीटरमध्ये मांडा. पाऊस बरोबर बाकी तिघांची बेरीज, इतकेच समीकरण आहे. पहिल्या फेरीत ते जुळत नाही आणि त्याचे कारण बहुतेक वेळा विज्ञानात नसते, एककांत असते.

ही एकके नीट समजून घ्या. जीएलडॅस या नासाच्या जागतिक मॉडेल-डेटाच्या नोआ आवृत्तीत पाऊस किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असा असतो. एक किलोग्रॅम प्रति चौरस मीटर म्हणजे एक मिलिमीटर, म्हणून ८६,४०० ने गुणले की दिवसाचा पाऊस मिळतो. पण त्याच फाइलमधला अपधाव तीन तासांच्या बेरजेच्या रूपात आहे. मासिक फाइलमध्ये तो आकडा तीन तासांची सरासरी बेरीज असतो, म्हणून त्याला ८ ने आणि महिन्याच्या दिवसांनी गुणावे लागते. ईआरए५-लँड या युरोपीय हवामान केंद्राच्या डेटाची तऱ्हा वेगळी. तिथे पाऊस मीटरमध्ये असतो आणि प्रत्येक तासाचा आकडा म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून साचत आलेली बेरीज. दिवसाचा एकूण पाऊस दुसऱ्या दिवसाच्या ०० वाजताच्या नोंदीत मिळतो. चोवीस तासांचे आकडे सरळ बेरजेला धरले आणि पाऊस दिवसभर एकसारखा पडला असेल, तर उत्तर १२.५ पट येते. बाष्पीभवन तिथे ऋण चिन्हाने येते, ते वजा करायला जाल तर उलट मिळवले जाईल. याशिवाय पर्जन्यमापकाचा दिवस अनेक ठिकाणी सकाळ ते सकाळ असतो आणि उपग्रहाचा यूटीसीप्रमाणे. हा फरक धरला नाही तर चांगला डेटाही एक दिवस सरकलेला दिसतो.

नकाशाच्याही काही खोड्या आहेत. काही फाइलींत रेखांश ० ते ३६० असतात, काहींत उणे १८० ते १८०. अक्षांश कधी उत्तरेकडून सुरू होतात, कधी दक्षिणेकडून. पाव अंशाची चौकट विषुववृत्तावर सुमारे २८ किलोमीटर रुंद असते, ६० अंशांवर तिची रुंदी निम्मी होते. त्यामुळे सरासरी काढताना क्षेत्रफळाचे वजन द्यावेच लागते. रिकाम्या जागी भरलेला उणे ९९९९ सरासरीत गेला की काय होते, ते एकदा मुद्दाम करून पाहा, म्हणजे पुढे लगेच ओळखता येईल.

मॉडेलच्या चुकीचा सर्वांत मोठा वाटा पावसाचा. आयमर्ग हा नासाचा उपग्रह-डेटा दर अर्ध्या तासाला ०.१ अंशाच्या चौकटीत पाऊस देतो. त्याची अर्ली आवृत्ती सुमारे चार तासांत येते, फायनल येते साधारण साडेतीन महिन्यांनी. फायनलमध्ये जमिनीवरच्या पर्जन्यमापकांची दुरुस्ती असते, म्हणून नवखा माणूस त्यावरच मॉडेलची मापदंडे (पॅरामीटर) बसवतो आणि रोजचा अंदाज मात्र अर्लीवर चालवतो. मग दोन्हींच्या पावसातला फरक थेट अपधावात उतरतो आणि बऱ्याचदा वाढून उतरतो. ज्या डेटावर अंदाज चालवायचा, त्यावरच चाचणी घ्या. डोंगराळ भागात विशेष सांभाळा. जमिनीवरचा पाऊस ओळखताना सूक्ष्मलहरी संवेदक मुख्यतः ढगातल्या हिमकणांवर विसंबतात, त्यामुळे हिमकण नसलेल्या उथळ ढगांतून उतारावर पडणारा पाऊस कमी मोजला जातो.

स्पिन-अपला, म्हणजे सुरुवातीचा ओलावा स्थिरावेपर्यंत मॉडेल चालवत राहण्याला, घाई नको. नोआच्या मातीचे चार थर १०, ३०, ६० आणि १०० सेंटिमीटर जाडीचे, म्हणजे एकूण दोन मीटर. वरचा थर काही आठवड्यांत आपली मनमानी सुरुवात विसरतो, खालच्याला वर्षे लागतात. कोरड्या प्रदेशात भूजलासह मॉडेल चालवले तर दशकेही. तीच वर्षे पुन्हा पुन्हा चालवा आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी तळाच्या थराचा आकडा लिहून ठेवा. तो हलायचा थांबला की मगच पुढे.

आता डेटा असिमिलेशन, म्हणजे मॉडेलच्या अंदाजाला निरीक्षणाच्या दिशेने मोजूनमापून सरकवणे. समजा नासाच्या स्मॅप उपग्रहाचा मातीचा ओलावा घेतला. या उपग्रहाचे रडार जुलै २०१५ मध्ये बंद पडले, तेव्हापासून जमिनीतून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजणारा रेडिओमीटरच काम करतो. तो वरच्या सुमारे ५ सेंटिमीटरचा ओलावा दर दोन-तीन दिवसांनी ३६ किलोमीटरच्या ग्रीडवर देतो. मॉडेलचा वरचा थर १० सेंटिमीटरचा, म्हणजे दोघे वेगळीच वस्तू मोजतात. हा कायमचा फरक काढायला सीडीएफ जुळवणी करतात: उपग्रहाच्या आकड्यांची विभागणी मॉडेलच्या विभागणीवर बसवायची. मग एन्सेम्बल काल्मन फिल्टरने, म्हणजे मॉडेलच्या किंचित वेगवेगळ्या साधारण वीसेक प्रती (एन्सेम्बल) चालवून, दुरुस्ती करायची.

आणि इथेच ओलिताच्या भागात घात होतो. पाऊस नसलेल्या महिन्यात कालव्याखालच्या शेताची चौकट डोळ्यांसमोर आणा. मॉडेलला कालवा ठाऊक नाही, त्याच्या हिशेबी जमीन कोरडी आहे. उपग्रहाला ती ओली दिसते आणि त्याचेच बरोबर आहे. पण सीडीएफ जुळवणीला हा फरक कायमची चूक वाटतो आणि ती तो पुसून टाकते. नकाशा गुळगुळीत येतो, आकडेवारी सुधारते आणि पाणी व्यवस्थापकाला नेमके जे हवे होते ते सिंचन गायब होते. उपाय असा: मॉडेलमध्ये सिंचनाचा भाग चालू करा, किंवा जुळवणीची मापदंडे आजूबाजूच्या कोरडवाहू चौकटींतून घ्या. मग लँडसॅट उपग्रहाच्या औष्णिक पट्ट्यातून काढलेले बाष्पोत्सर्जन शेजारी ठेवून ताडून पाहा. ओलिताचे शेत तिथे थंड दिसते, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते. शिवाय असिमिलेशनने प्रत्येक वेळी घातलेले किंवा काढलेले पाणी वेगळ्या रकान्यात नोंदवा. ते सतत एकाच दिशेने जात असेल, तर मॉडेल किंवा पाऊस यांत पूर्वग्रह आहे. असिमिलेशन तो फक्त झाकत आहे.

भूजलासाठी ग्रेस (२००२ ते २०१७) आणि २०१८ पासून ग्रेस-एफओ. एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटरवर चालणाऱ्या दोन उपग्रहांमधले अंतर किती बदलले, यावरून पाण्याच्या एकूण साठ्यातला फरक निघतो. फाइल अर्ध्या अंशाची असली तरी खरी दृष्टी सुमारे ३०० किलोमीटरची आहे. एका तालुक्याएवढ्या क्षेत्राचे भूजल त्यातून काढू नये. एकूण साठ्यातून मातीचा ओलावा, बर्फ आणि जलाशयातले पाणी वजा केले की भूजलातला बदल उरतो. मात्र ग्रेसचा आकडा ठरावीक वर्षांच्या सरासरीपासूनचा फरक असतो. नासाच्या जेपीएलने काढलेल्या मॅस्कॉन (ग्रेसच्या तयार ग्रीड) डेटासाठी ती वर्षे २००४ ते २००९. मॉडेलच्या ओलाव्यातूनही त्याच वर्षांची सरासरी आधी वजा करायला हवी, नाहीतर भूजलाची सगळी मालिका एका ठरावीक आकड्याने वर किंवा खाली सरकते.

पडताळणीत एकच गुणांक पुरत नाही. नॅश-सटक्लिफ हा प्रवाहाच्या अंदाजाची अचूकता मोजणारा गुणांक पुराच्या शिखरांकडे झुकतो, म्हणून उन्हाळ्यातला क्षीण प्रवाह वेगळा तपासा. बाष्पोत्सर्जन मोजणाऱ्या मनोऱ्यांवर ऊर्जेचा हिशेबही बऱ्याचदा १० ते ३० टक्के अपुरा भरतो, तेव्हा मनोऱ्याला अंतिम सत्य मानू नका.

कौशल्यांचे म्हणाल तर लिनक्स, पायथन आणि त्यातली बहुमितीय डेटासाठीची लायब्ररी एक्सअ‍ॅरे लागतातच. फोरट्रान लिहिता नाही आले तरी वाचता यावे, कारण नोआ-एमपीसारख्या मॉडेलांचा गाभा त्यातच आहे. पदवी स्थापत्य, कृषी, भूगोल, भौतिकशास्त्र कशातलीही चालेल. जलविज्ञानाचा एक पूर्ण अभ्यासक्रम मात्र टाळू नका.

शेवटी निकाल देताना व्यवस्थापकाच्या एककात द्या. ५०० चौरस किलोमीटरच्या पाणलोटात ८ मिलिमीटर अपधाव म्हणजे ४ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आवक. धरणावरचा अभियंता याच भाषेत विचार करतो. सोबत एन्सेम्बलमधून निघालेला खालचा आणि वरचा आकडा द्या आणि सगळे दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, त्याच तक्त्यात पोहोचवा. पावसाची आवृत्ती किंवा मॉडेल बदलले असेल, तर त्या आठवड्याच्या तक्त्यावरच तसे लिहा.